तिऱ्हाइताचा विमा

मोटारीच्या चालकापुढील कप्प्यात जी कागदपत्रे ठेवलेली असतात, त्यांत विम्याचा एक कागद असतो. तो बाळगतात सर्व. वाचतो क्वचित कोणी. नाक्यावर पोलिसाने गाडी थांबविली म्हणजे तो पुढे करावयाचा आणि दंडातून सुटावयाचे, एवढेच त्याचे प्रयोजन अशी बहुतेकांची समजूत दिसते. आमच्या वर्गात मोटारसायकलीवरून येणारे तरुण पुष्कळ आहेत. एकदा सहज बोलणे निघाले असता आम्ही त्यांस विचारले, की हा विमा कोणाचा? कोणी म्हणाला गाडीचा, कोणी म्हणाला माझा, आणि एकजण हळूच म्हणाला, पोलिसांचा. वर्गात हशा पिकला. पण खरे उत्तर कोणासही देता आले नाही. ह्यात मुलांचा दोष नाही. त्यांच्या वडिलांस विचारले असते तरी बहुधा हेच ऐकावयास मिळाले असते.

खरे उत्तर असे, की ज्याच्यासाठी कायद्याने हा विमा सक्तीचा केला, त्याचे नाव त्या कागदावर कोठेच नसते. त्याने हप्ता भरलेला नसतो, कागद पाहिलेला नसतो, आणि गाडीच्या मालकाची व त्याची ओळखही नसते. तो रस्त्याच्या कडेने जाणारा वाटसरू असतो, शेतावरून परतणारा शेतकरी असतो, शाळेत निघालेले पोर असते. मालक हा पहिला पक्ष, विमा कंपनी हा दुसरा, आणि हा तिसरा. लोक इंग्रजी शब्द जसाच्या तसा उचलून 'थर्ड पार्टी' म्हणतात. परंतु आपल्या भाषेत ह्या मनुष्याला फार जुने नाव आहे. ते 'तिऱ्हाईत'. ह्या तिऱ्हाइताला कायद्याच्या दारात कसा प्रवेश मिळाला, तो किती सावकाश मिळाला, आणि अद्याप कोण बाहेर उभा आहे, हा इतिहास आमच्या सातारा-सांगलीकडील प्रदेशाच्या अनुषंगाने सांगावा असा विचार आहे.

साताऱ्यास विम्याचा व्यवहार नवा नव्हे. १९१३ साली अण्णासाहेब चिरमुले ह्यांनी साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुअरन्स कंपनी काढली. मुंबई-कलकत्त्यासारख्या मोठ्या बंदरांत असे उद्योग निघणे स्वाभाविक होते. डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका जिल्ह्याच्या गावी ते निघावे, ही त्या काळच्या स्वदेशी बुद्धीची आणि हिंमतीची साक्ष होय. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि ही कंपनीही आयुर्विमा महामंडळात सामील झाली. आपल्यामागे बायकामुलांचे काय होईल ह्या चिंतेने गृहस्थाने दरसाल थोडे पैसे बाजूस ठेवावेत, हे आयुर्विम्याचे मर्म मध्यम वर्गाला लवकर पटले. ते दूरदृष्टीचे लक्षण मानले गेले, आणि ते योग्यच झाले. पण आपल्या गाडीखाली जो सापडेल त्याच्या बायकामुलांचे काय होईल, ही चिंता मनुष्य आपण होऊन वाहत नाही. आपल्या घरासाठी विमा उतरविण्यास शहाणपण पुरते. परक्याच्या घरासाठी तो उतरविण्यास कायदा लागला. दोन्ही विम्यांतील हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील सर्व इतिहास सुबोध होतो.

मोटारी आल्या तेव्हा कायदा काय होता? इंग्रजी कायद्याचे जुने तत्त्व असे, की मनुष्य मेला म्हणजे त्याचा दावाही त्याच्याबरोबर मेला. हे तत्त्व मोडून हिंदुस्थानात १८५५ च्या तेराव्या कायद्याने मृताची पत्नी अथवा पती, आईबाप व मुले ह्यांच्यासाठी नुकसानभरपाई मागण्याचा हक्क दिला. तो हक्क अपघाताने मेलेल्या सर्वांसाठी होता, म्हणून मोटारीलाही लागू पडला. पुढे १९१४ साली मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा झाला. त्यात गाडीची नोंदणी आली, चालकाचा परवाना आला, वेगाविषयी निर्बंध आले. विम्याचे नाव मात्र नव्हते. म्हणजे मेलेल्या वाटसरूच्या विधवेला दावा करण्याचा हक्क होता, पण त्या हक्काचे पैसे कोठून यावयाचे, ह्याचा विचार कोणी केला नव्हता. तिने दिवाणी कोर्टात जावे, दाव्याच्या रकमेच्या मानाने वाढत जाणारी कोर्ट-फी भरावी, वकील द्यावा, चालकाची चूक साक्षीपुराव्याने शाबीत करावी, आणि एवढे करून हुकूमनामा मिळाला तर तो कोणावर बजावावा? चालक पगारी नोकर, त्याच्याजवळ काही नाही. मालकाची मालमत्ता म्हणजे तीच मालमोटार, आणि तीही कर्जाऊ. असा हुकूमनामा ट्रंकेत ठेवून देण्यापलीकडे उपयोगाचा नव्हता.

ही अडचण केवळ आपल्या देशाची नव्हती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानाने १९२५ साली कायदा केला आणि १९२७ च्या प्रारंभापासून विम्यावाचून मोटारीची नोंदणी होणार नाही असे ठरविले. १९२८ साली न्यू झीलंडने तसाच कायदा केला. इंग्लंडात १९३० चा रस्तावाहतुकीचा कायदा होऊन १ जानेवारी १९३१ पासून तिऱ्हाइताच्या जोखमीचा विमा सक्तीचा झाला. त्याच साली तेथे दुसराही एक लहानसा कायदा झाला, आणि आमच्या मते त्याचे महत्त्व पहिल्याहून कमी नाही. विमा हा मालक व कंपनी ह्यांच्यातील करार. तिऱ्हाईत हा कराराबाहेरचा. म्हणून मालकाचे दिवाळे निघाले तर विम्याची रक्कम त्याच्या सावकारांत वाटली जाई, आणि जखमी मनुष्य त्या सावकारांच्या रांगेत शेवटी उभा राही! ज्याचा पाय मोडला म्हणून पैसे आले, त्यालाच ते मिळू नयेत, हा अन्याय १९३० च्या ह्या दुसऱ्या कायद्याने दूर केला आणि तिऱ्हाइताला कंपनीवर सरळ हक्क सांगता येऊ लागला.

हिंदुस्थानात ह्या प्रश्नाचा विचार १९३६-३७ च्या सुमारास एका समितीने केला. १९३८ साली विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारा विमा कायदा झाला. कारण विम्याची सक्ती करावयाची तर पैसे देण्यास कंपनी शाबूत राहिली पाहिजे. त्यानंतर १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्याच्या आठव्या प्रकरणात इंग्रजी कायद्याचे दोन्ही धडे गिरविलेले होते. सार्वजनिक जागी विम्यावाचून मोटार चालवू नये हे ९४ वे कलम, आणि मालकावर झालेला हुकूमनामा कंपनीने स्वतः भागवावा हे ९६ वे. कायदा १ जुलै १९३९ रोजी अमलात आला. परंतु हे आठवे प्रकरण तेवढे मागे ठेवण्यात आले. मध्ये महायुद्ध गेले, आणि ते प्रकरण सुरू होण्यास १ जुलै १९४६ हा दिवस उजाडला. परवान्याचे नियम सात वर्षे आधी आले, वाटसरूचा विमा सात वर्षे मागाहून आला. त्या सात वर्षांत ज्यांचे कर्ते पुरुष रस्त्यावर गेले, त्यांच्या दृष्टीने कायदा पुस्तकात होता आणि नव्हताही.

आमच्या प्रदेशात तर १९४६ नंतरही हा प्रश्न पुरता सुटला नव्हता. वाचकांनी त्या वेळचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. सातारा, कऱ्हाड, वाळवे हा मुलूख ब्रिटिश अमलाखाली. आणि त्याच्या अंगावर ठिगळांप्रमाणे औंध, फलटण, सांगली, मिरज, जत ही संस्थाने पसरलेली. ब्रिटिश हिंदचा कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे. तेथे त्या त्या संस्थानाचा कायदा चाले. साताऱ्याहून कऱ्हाडावरून सांगलीस जाणारी मोटार एका दिवसात एका अमलातून दुसऱ्यात जाई. रस्ता तोच, चाक तेच, धूळ तीच. परंतु वाटसरू हद्दीच्या अलीकडे सापडला की पलीकडे, ह्यावर त्याला कोणता कायदा लागू हे ठरे. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १ ऑगस्ट १९४९ रोजी साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके आणि विलीन झालेला संस्थानी मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा बनला, आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याला सांगली हे नाव मिळाले. विलीनीकरणाची वर्णने राजे, करार आणि तनखे ह्यांनी भरलेली असतात. रस्त्यावरून पायी चालणाऱ्या मनुष्याला त्यातून काय मिळाले, हे त्यांत सापडत नाही. त्याला हे मिळाले, की वाळव्यातील आणि सांगलीतील मरणाला एकच कायदा लागू झाला.

तथापि त्या कायद्याचा हात आखडता होता. खाजगी मोटारीने तिऱ्हाईत सापडला तर कंपनीच्या जबाबदारीला मर्यादा नव्हती; पण ज्या गाड्यांची रस्त्यावर वर्दळ अधिक, त्यांना ती होती. मालमोटारीच्या अपघातात सर्व मिळून २०,००० रुपये. आणि सहांहून अधिक उतारूंच्या प्रवासी मोटारीत दर उतारूमागे २,००० रुपये. त्यावरील रक्कम मालकाकडून वसूल होईल तेवढी खरी. १९५६ च्या दुरुस्तीने दिवाणी कोर्टाऐवजी अपघाताच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे निर्माण झाली आणि कामाची रीत सोपी झाली. मालमोटारीची मर्यादा १९६९ च्या दुरुस्तीने ५०,००० आणि १९८२ च्या दुरुस्तीने १,५०,००० रुपये झाली. १९८१ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांच्या न्यायपीठाने ह्या मर्यादेचा अर्थ उदारपणे लावला. 'एक अपघात' हे शब्द प्रत्येक जखमी मनुष्याच्या बाजूने वाचावेत, म्हणजे एका गाडीखाली चौघे सापडले तर मर्यादा चौघांत वाटावयाची नसून प्रत्येकाला वेगळी लावावयाची, असा तो निर्णय होता. कायद्याच्या शब्दांत संदिग्धता असेल तर तिचा फायदा कोणास द्यावयाचा, ह्याचे ते उत्तर होते.

याहून मोठी धोंड निराळीच होती. चालकाची चूक शाबीत झाल्यावाचून भरपाई नाही, हे मूळ तत्त्व कायम होते. आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला दुजोरा दिला. आता रात्रीच्या वेळी खंबाटकीच्या घाटात किंवा कऱ्हाडच्या अलीकडे कोणी गाडीखाली सापडला, तर साक्षीदार कोण? पाहणारा एक चालक, आणि दुसरा मेलेला. वास्तविक कारखान्यातील कामगारांसाठी १९२३ च्या कायद्याने मालकाची चूक न पाहता भरपाई देण्याचे तत्त्व केव्हाच मान्य झाले होते. यंत्राने हात तुटला तर चूक विचारू नये, आणि मोटारीने तुटला तर विचारावी, हा भेद टिकण्यासारखा नव्हता. अखेर १ ऑक्टोबर १९८२ पासून चूक शाबीत न करताही मृत्यूबद्दल १५,००० रुपये व कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये देण्याची तरतूद झाली. धडक देऊन पळून गेलेल्या, ठावठिकाणा न लागलेल्या गाडीच्या बळींसाठीही त्याच दुरुस्तीने सोय केली: मृत्यूस ५,००० आणि गंभीर दुखापतीस १,००० रुपये. रकमा लहान होत्या. पण तत्त्व मोठे होते.

ह्या तत्त्वाची कसोटी आमच्याच जिल्ह्यात लागली, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे तीनच्या सुमारास पुणे-बंगळूर महामार्गावर सातारा जिल्ह्यातील कवठे गावाजवळ एक पेट्रोलचा टँकर आणि एक मालमोटार ह्यांची टक्कर झाली. टँकर रस्ता सोडून सुमारे वीस फुटांवर कलंडला आणि त्यातून पेट्रोल गळून आसपास साचू लागले. उजाडले तशी माणसे जमली. सव्वासातच्या सुमारास स्फोट होऊन आग लागली. पुष्कळजण भाजले आणि त्यांतील काही दगावले. त्यांपैकी एकाच्या आईने साताऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे चूक शाबीत न करता मिळणाऱ्या १५,००० रुपयांसाठी अर्ज केला. अर्ज फेटाळण्यात आला. टक्कर पहाटे झाली, स्फोट चार तासांनी झाला, तेव्हा हा मृत्यू 'मोटारीच्या वापरातून उद्भवलेल्या' अपघाताने आलाच नाही, असे तेथे ठरले. उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. टँकरच्या बाजूने प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जुलै १९९१ मध्ये त्या न्यायालयानेही त्या आईच्याच बाजूने निकाल दिला.

निकालातील विचारसरणी साधी पण दूरवर पोहोचणारी आहे. कलंडून पडलेला टँकर चालत नव्हता, हे खरे. पण मोटारीचा वापर म्हणजे केवळ तिचे चालणे नव्हे. ती उभी असो, बिघडलेली असो वा उलटलेली असो, तिच्यातून उद्भवणारा धोका हा तिच्या वापराचाच धोका. टक्कर, गळती आणि स्फोट ह्या एका साखळीच्या कड्या होत. मध्ये चार तास गेले म्हणून साखळी तुटत नाही. शिवाय 'मुळे झालेला' आणि 'मधून उद्भवलेला' हे शब्द समानार्थी नाहीत. दुसऱ्याचा आवाका मोठा आहे, आणि कायदा करणाऱ्यांनी जाणूनबुजून तोच वापरला आहे. ह्या निकालाचा आधार पुढे देशभर घेतला गेला. पंधरा हजार रुपयांसाठी साताऱ्याहून दिल्लीपर्यंत गेलेल्या त्या वादाने कायद्याच्या चार शब्दांना त्यांचा पुरा अर्थ मिळवून दिला. मात्र घटनेपासून अंतिम निकालापर्यंत पावणेचार वर्षे लोटली होती, आणि ती रक्कम तर तातडीची म्हणून ठेवलेली होती, हेही विसरून चालणार नाही.

पुढचा इतिहास वेगाने सांगता येईल. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ रोजी सुरू झाला आणि मृत्यू व शारीरिक इजा ह्यांबाबत कंपनीच्या जबाबदारीवरील पूर्वीच्या मर्यादा त्याने काढून टाकल्या. १९९४ साली वय व उत्पन्न पाहून भरपाई ठरविण्याचे कोष्टक आले. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की चालकाजवळ योग्य परवाना नव्हता एवढ्यावरून कंपनीला तिऱ्हाइताला विन्मुख पाठविता येणार नाही. तिने आधी त्याचे पैसे द्यावेत आणि मग मालकाशी आपला हिशेब करावा. २०१९ च्या दुरुस्तीतील तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून लागू होऊन, चूक न पाहता मिळणारी रक्कम मृत्यूस ५ लाख व गंभीर दुखापतीस अडीच लाख झाली. पळून गेलेल्या गाडीच्या बाबतीत ती अनुक्रमे २ लाख व ५० हजार झाली. एका हाताने इतके दिले आणि दुसऱ्याने थोडे आवरले: दावा दाखल करण्याची जी मुदत १९९४ साली काढून टाकली होती, ती त्याच दुरुस्तीने सहा महिन्यांची म्हणून परत घातली. दुःखात बुडालेल्या खेड्यातील घराला सहा महिने किती लवकर संपतात, हे अनुभवी माणसास सांगावयास नको.

ह्या सक्तीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की हा कंपन्यांचे खिसे भरणारा कर आहे. ह्याला उत्तर १९८७ साली सर्वोच्च न्यायालयानेच दिले: सक्ती विम्याचा धंदा वाढावा म्हणून केलेली नाही, तर मोटारींनी भरलेल्या रस्त्यांवर वावरणाऱ्या समाजाचे रक्षण व्हावे म्हणून केली आहे. तिऱ्हाइताच्या विम्याचा हप्ता कंपनीच्या मर्जीवर सोडलेला नाही, तो सरकार ठरविते, ह्याचेही कारण हेच. दुसरा आक्षेप नीतीचा आहे: पैसे कंपनी देणार म्हटल्यावर चालक बेपर्वा होणार नाही काय? आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण भरपाईचा विमा उतरविता येतो, तुरुंगवासाचा येत नाही. फौजदारी गुन्ह्याची शिक्षा चालकाने स्वतःच भोगावयाची असते. आणि चालकाला धडा मिळावा म्हणून विधवेला उपाशी ठेवणे ही नीती नव्हे.

तरीही अद्याप काहीजण दाराबाहेर उभे आहेत. लग्नाचे वऱ्हाड टेम्पोत भरून नेण्याची चाल आमच्याकडे सर्वत्र आहे. परंतु मालवाहू गाडीत मालाचा मालक वा त्याचा प्रतिनिधी सोडून जे बसतात, त्यांना सक्तीच्या विम्याचे संरक्षण नाही, असा २००२ चा निर्णय आहे. मोटारसायकलीवर मागे बसलेला मित्र नुसत्या कायद्यापुरत्या विम्यात येत नाही, असे २००६ साली ठरले. त्याच्यासाठी अधिक हप्त्याचा विमा लागतो. आणि सर्वांत मोठा गट म्हणजे ज्यांना विमा नसलेल्या गाडीने उडविले, त्यांचा. इंग्लंडात अशा बळींसाठी कंपन्यांनी मिळून १९४६ सालीच एक मंडळ उभारले. आपल्याकडे पळून गेलेल्या गाडीची सोय झाली. पण गाडी सापडली आणि विमा नाही असे निघाले, तर १८५५ सालच्या विधवेप्रमाणे मालकाच्या मागे लागणेच बहुतांशी नशिबी येते. दुचाकी घेतेवेळी विमा असतो आणि पुढे तो चालू ठेवला जात नाही, हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तीन व नव्या दुचाकीस पाच वर्षांचा तिऱ्हाईत-विमा एकदमच घेणे भाग पाडले. त्याच महिन्यात असेही ठरविले, की विमा नसलेल्या गाडीने अपघात केल्यास मालकाने पुरेसे तारण दिल्यावाचून ती सोडू नये, आणि न दिल्यास विकून पैसे न्यायाधिकरणाकडे ठेवावेत.

न्यायालये हुकूम देतील, पोलीस पहिल्या खेपेस दोन हजार आणि दुसऱ्या खेपेस चार हजार दंड करतील. पण सहावे वर्ष लागलेल्या दुचाकीचा कागद पाहावयास रोज कोण येणार? हिवाळ्यात आमच्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात चालतात, त्यांच्या कडेने कारखान्यावरून परतणारी माणसे जातात, आणि त्यांतूनच आमचे विद्यार्थी आपल्या मोटारसायकली काढतात. ह्यांतला प्रत्येकजण कधी चालक असतो, कधी तिऱ्हाईत. आज ज्याच्या खिशात किल्ली आहे, तोच उद्या चपला पायात घालून कडेने चालणार आहे.

त्या दिवशी वर्गात आम्ही मुलांना एवढेच सांगितले, की घरी गेल्यावर कप्प्यातला तो कागद काढावा आणि त्यावरील शेवटची तारीख वाचावी. दुसऱ्या दिवशी तिघांनी येऊन सांगितले, की तारीख उलटून गेली होती. त्यांतल्या एकाची गाडी तर रोज त्याची धाकटी बहीण शाळेत नेत होती.